सात नंबरची सीडी

दोन हजार तीन साली साऱ्या जगात मिळून गाण्याचे किती अल्बम निघाले असतील देव जाणे. आम्ही त्यातले चाळीसेक ऐकले आणि त्यातून वर्षाचे दहा सर्वोत्तम निवडायला बसलो. आम्ही म्हणजे तिघं जण. निवडा म्हणून आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि निवडले नसते तर कुणाचं काही अडलंही नसतं. पण मराठी माणूस परमुलखात गेला की आधी मंडळ काढतो आणि मग मंडळाला काम शोधतो.

मी तेव्हा चेन्नईजवळच्या एका कारखान्यात मोटारींच्या ब्रेकची ड्रॉइंग करत होतो आणि अड्यारमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. मूळचा सांगलीचा. सांगलीत असताना मला संगीतातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही एवढं तरी कळत होतं. चेन्नईत आल्यावर तेवढंही राहिलं नाही. त्याला कारण झाले रद्दीच्या दुकानात वजनावर मिळालेले एका विलायती मासिकाचे जुने अंक. त्यात जगभरच्या संगीताची परीक्षणं असत. माली, मंगोलिया, बल्गेरिया, कुठकुठल्या बेटांवरच्या गाण्यांबद्दल लंडनमध्ये बसलेली माणसं असं काही लिहीत, की गाणं ऐकायची गरजच उरू नये. ‘या आवाजाला धुळीचा वास आहे,’ असं एका परीक्षणात होतं. सांगलीच्या स्टँडवर मी जन्मभर धूळ खाल्ली, तिचं असं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं. मी ती वाक्यं भाषांतर करून वहीत उतरवून ठेवू लागलो.

मंडळाचे अध्यक्ष होते आवडीचे साहेब. आवडी हे चेन्नईबाहेरचं गाव; तिथल्या संरक्षण कारखान्यात ते तपासणी विभागात होते. मूळचे जळगावचे, वय पन्नाशीचं. सरकारी क्वार्टरमध्ये राहून ते मंगोलियातल्या मेंढपाळांसारखे घशातून एकाच वेळी दोन सूर काढायचा सराव करत. शेजारच्या बिऱ्हाडातून त्यांच्यासाठी दोनदा पाणी आणि एकदा डॉक्टर आला, तरी त्यांनी सराव सोडला नाही. दुसरी सभासद नागपूरची, सॉफ्टवेअरमधली, माझ्याच वयाची. ऑफिसच्या वेगवान इंटरनेटवरून ती दिवसभर गाणी उतरवून घ्यायची आणि उरल्या वेळात नोकरी करायची. तिसरा मी, चिटणीस. दर रविवारी दुपारी चारला माझ्या खोलीवर बैठक भरे. साहेब आवडीहून आधी लोकलने आणि मग बसने येत. त्यांच्या सीड्या स्टीलच्या डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेल्या असत.

कारखान्यातली शिस्त साहेबांनी मंडळात आणली होती. नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, असा त्यांचा नियम. म्हणून वर्षअखेरच्या फेरीसाठी प्रत्येक अल्बममधली दहा मिनिटं चिटणीसाने कोऱ्या सीडीवर उतरवायची आणि वर मार्करने फक्त नंबर घालायचा. नाव नाही, गाव नाही. कुठला नंबर कुणाचा, ती यादी पाकिटात बंद. सगळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं, टाइप केलेल्या तक्त्यात गुण भरायचे आणि मग पाकीट फोडायचं. तक्त्यात तीन रकाने होते: आवाज, वाद्यं आणि अस्सलपणा. पहिल्या दोहोंना मिळून जितके गुण, तितके एकट्या अस्सलपणाला. तो मोजायचा कसा हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण वर्षभरात आपोआप ठरत गेलं. गाणारा म्हातारा असला की दोन गुण, गरीब वाटला की तीन, आणि भाषेतलं अक्षरही कळलं नाही की पैकीच्या पैकी. शब्द कळले की संगीतावरचं लक्ष उडतं, असं साहेब म्हणायचे, आणि आम्ही माना डोलवायचो.

हे कुठे चाललं होतं, तर चेन्नईत, डिसेंबरच्या तोंडावर. त्या दिवसांत या शहरात गल्लोगल्ली मैफलींचे मांडव पडायला लागतात आणि रेशमी साड्या नेसलेल्या बायका हातात कार्यक्रमपत्रिका घेऊन रिक्षांतून धावत असतात. आम्ही त्याला ‘त्यांचा सीझन’ म्हणत होतो. सभागृहांत आम्हीही जात होतो, पण उपाहारगृहापर्यंत. रवा डोसा हाणायचा, वर कॉफी प्यायची आणि आतून येणाऱ्या आलापाकडे पाठ करून घरी यायचं. घरी येऊन खिडक्या लावून घ्यायच्या आणि सहारा वाळवंट ऐकायचं.

खिडक्या लावायला आणखीही एक कारण होतं. मागच्या रस्त्यावर एक कल्याण मंडपम, म्हणजे मंगल कार्यालय, होता, आणि लग्नाच्या दिवशी तिथे पहाटेपासून नागस्वरम वाजे. सनईचा हा थोरला भाऊ खिडकीशी वाजू लागला की माणूस अंथरुणातून उठत नाही, उडतो. मी एकदा तावातावाने तक्रार करायला गेलो होतो. मॅनेजरने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मला हाताला धरून पंगतीला बसवलं. पोटभर जेवून परत आलो आणि खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली.

खालच्या मजल्यावर घरमालकीण राहत होत्या. चेन्नईत वडीलधाऱ्या बाईला मामी म्हणतात, म्हणून मीही मामी म्हणे. पण या मामी मराठी होत्या, तंजावरकडच्या. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले, आणि तेव्हाची भाषा त्यांनी बरोबर नेली ती तशीच वापरत राहिले. मामी बोलत मराठी, पण हेल तमिळचा, आणि मधेमधे ‘ऐयो’ आणि ‘सेरी’. पहिले काही महिने मी घरी फोन करून त्यांची नक्कल करून दाखवत असे आणि सांगलीत सगळे लोळून हसत. मी त्यांच्याशी बोलायचो तेही असं, की आपण त्यांना शुद्ध भाषा ऐकायची संधी देतोय. एकदा माझं बोलणं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “तुमची मराठी फार नवी दिसते, तंबी. मुरली नाही अजून.” तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्या मला शेवटपर्यंत तंबीच म्हणाल्या.

मामी टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, एकुलती मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला. वयामुळे उजवा कान मंद झाला होता, पण फोनवर त्यांचा आवाज असा खणखणीत लागे की पलीकडचा माणूस उभाच राहत असावा. त्या वर्षी मुलीला दिवस गेले आणि मामींचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. ऑगस्टमध्ये एक दिवस त्या एक कॅसेट घेऊन जिना चढून वर आल्या.

“आमच्या आईचा आवाज हा,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलीच्या पाळण्याला लाली म्हटली होती. ही एवढीच आहे. तुम्ही त्याची सीडी करून द्याल काय? तिकडं पाठवीन.”

लाली म्हणजे बाळाला पाळण्यात घालताना म्हणायचं गाणं. मामींच्या घरात एक लाली आईकडून लेकीकडे चालत आलेली. तीन कडवी. पहिली दोन सगळ्या बायका मिळून म्हणत. तिसरं मात्र घरातली सर्वांत वडील बाई एकटीच म्हणे. त्यात आजीचं, तिच्या आईचं अशी मागची नावं येत आणि शेवटी बाळाचं. ते नाव घातल्याशिवाय लाली पुरी होत नाही, आणि लाली पुरी झाल्याशिवाय पोर त्या घरचं होत नाही, असं मामी म्हणाल्या. त्यांना स्वतःला पहिली दोन कडवी येत होती. तिसरं त्यांनी कधी पाठ केलं नाही. आईचा आवाज असा, की ती होती तोवर दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं कारणच नव्हतं. आणि मामींचा आपला आवाज, त्यांच्याच शब्दांत, ‘नंबर सांगण्यापुरता’. आई गेली, आणि पाठोपाठ त्या पिढीतल्या बाकीच्याही गेल्या. उरली ती कॅसेट.

मी म्हटलं, “येत्या रविवारी करून देतो.”

असे बारा-तेरा रविवार गेले. मामींनी एकदाही आठवण केली नाही. शुक्रवारी वाटीभर सुंडल, म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ, वर पाठवत, मी खात असे आणि वाटी परत देताना ‘या रविवारी नक्की’ म्हणत असे. माझ्यापुढे वर्षाचे दहा अल्बम होते. जगाच्या पाठीवरच्या अनाम आयांचे आवाज काळाच्या उदरात गडप होत चालले आहेत, असं एक वाक्य मी त्याच दिवसांत वहीत लिहिलं होतं. ते मला फार आवडलं होतं.

नोव्हेंबरात मामी वर आल्या आणि म्हणाल्या, मुलगी झाली, पाळणा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि समोरच्या घरातला मुलगा आजच संध्याकाळी न्यू जर्सीला निघतोय. आता पळवाट नव्हती. टेपरेकॉर्डरची वायर कंप्यूटरला जोडली, कॅसेट चालू केली आणि दाढी करायला गेलो. दहा-बारा मिनिटं ती वाजली, पण नळाच्या आवाजात मी त्यातला एक सूरही ऐकला नाही. त्याच वेळी मंडळासाठीही एक सीडी करायची होती: सहारातल्या एका ओसाड गावच्या बायकांचा अल्बम, वर्षातला माझा सर्वांत लाडका. लाडका म्हणजे त्याचं परीक्षण मी तीनदा वाचलं होतं. अल्बम एक मिनिटभर ऐकला होता. एकाच गठ्ठ्यातल्या दोन कोऱ्या सीड्या एकापाठोपाठ एक भरल्या, एक पाकिटात घालून मामींना दिली आणि दुसरीवर मार्करने सात लिहिलं. मग कंप्यूटरवर जागा हवी म्हणून दोन्ही गाणी पुसून टाकली.

डिसेंबरचा पहिला रविवार आला. सकाळी जिन्यात मामी भेटल्या. आज पाळणा, साडेसातला तिकडून फोन येईल, म्हणजे आईचा आवाज आपल्यालाही इथे ऐकू येईल, असं म्हणाल्या. मी ‘अरे वा’ म्हणून वर गेलो. चारला मंडळ भरलं. खिडक्या लावल्या, पंखा लावला, साहेबांनी तक्ते वाटले. एक ते सहा नंबर झाले. बल्गेरियाच्या कोरसला नागपूरकरणीने कमी गुण दिले, कारण त्या बायका तिला सुखवस्तू वाटल्या.

मग मी सात नंबर लावला.

खरखर सुरू झाली आणि त्या खरखरीतून बायकांचा आवाज आला. खोल, ओढलेला, जड. एकेक अक्षर इतकं लांबवलेलं की त्याला शेंडा-बुडखा राहिला नव्हता. मधे एक मूल रडलं आणि गप्प झालं. मग बाकीचे आवाज थांबले आणि एकच बाई गाऊ लागली. तिच्या मागे, लांबून, कसलं तरी तोंडाने फुंकायचं वाद्य सुरू झालं आणि चढत चढत तिच्या आवाजावर पसरलं. दहा मिनिटांनी सीडी थांबली तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला.

“अस्सल,” ते म्हणाले. तपासणी विभागातल्या माणसाच्या तोंडचा शब्द, त्याला वजन होतं.

“काय आवाज आहे बाप्पा!” नागपूरकरीण म्हणाली. “एक अक्षर समजत नाही न, तरी अजून ऐकावंसं वाटून राहिलं.”

उरलेले तीन नंबरही ऐकून झाले आणि गुणांची बेरीज झाली. सातव्या नंबरला अस्सलपणात तिघांचेही पूर्ण गुण. वर्षाचा पहिला अल्बम ठरला. मी पाकीट फोडलं, ‘सहारा’ असं मोठ्याने वाचलं आणि मग माझी वही उघडली. तासाभरात मी काय काय बोललो ते लिहायला आज लाज वाटते, पण लिहितो. हा आवाज पाणी न मिळालेल्या पिढ्यांचा आहे, असं मी म्हणालो. हे वाद्य उंटाच्या कातड्याचं असतं, असं सांगितलं. या बायकांना श्रोत्याची गरजच नाही, त्या वाळूला गाऊन दाखवतात, असंही म्हणालो. मी उंटावरून शेळ्या हाकत होतो आणि दोघं ते वाक्य न् वाक्य टिपून घेत होती. साहेब म्हणाले, पुन्हा एकदा लाव.

दुसऱ्यांदा ती वाजत होती तेव्हा दारात मामी उभ्या दिसल्या. नवी रेशमी साडी, केसांत फुलं, हातात कॉफीचा ट्रे. त्या आत येईनात. उंबऱ्यात उभ्या राहून डावा कान पुढे करून ऐकत होत्या आणि डोळे भरून आले होते.

नागपूरकरीण माझ्या कानाशी म्हणाली, “पाहा, संगीताले भाषा नसते.”

साहेबांनी खुर्ची पुढे केली. “बसा मामी, बसा. हे आफ्रिकेतलं आहे. वाळवंटातल्या बायका.”

“कोण बायका?” मामी म्हणाल्या.

“वाळवंटातल्या.”

मामींनी ट्रे टेबलावर ठेवला. “ही माझी आई,” त्या म्हणाल्या. “आणि रडते ती माझी मुलगी.”

पंखा चालू होता म्हणून बरं, नाहीतर त्या खोलीत काहीच हललं नसतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी सीडीकडे. मामी म्हणाल्या, “आज पाळणा म्हणून तुम्ही आवर्जून लावलीत, असं समजून मी वर आलें.” मग त्यांनी टेबलावर उघडी पडलेली माझी वही पाहिली, आमचे तक्ते पाहिले. मी गाणं पहिल्यापासून लावलं. आता कान मराठीवर ठेवून ऐकलं, तर मराठीच होती. ‘चंदनाची फळी, चारी कोनीं मोतीं, बाळ माझें निजे, दिवे मंद होतीं.’ सगळं स्वच्छ. मी सीडी करताना टेपरेकॉर्डरचे सेल संपत आले असावेत म्हणून आवाज जड झाला होता, एवढंच. आणि ते उंटाच्या कातड्याचं वाद्य म्हणजे नागस्वरम. मामींच्या मुलीचा पाळणा एका मंडपमात झाला होता आणि शेजारच्या दालनात कुणाचं तरी लग्न लागत होतं. या प्रसंगाला चपखल बसणारी कळशाची म्हण वाचकांना आता आठवली असेल, तर त्यांनी ती मनातच ठेवावी. माझ्या आईने मला ती फोनवर दोनदा ऐकवली आहे.

“मग न्यू जर्सीला काय गेलं?” हे नागपूरकरणीने विचारलं. तोवर मला ते सुचलंही नव्हतं, मी माझी अब्रू कशी वाचवायची या विचारात होतो.

चौघंही खाली गेलो. मामींनी मुलीला फोन लावला आणि स्पीकरचं बटण दाबलं. तिकडे सकाळ झाली होती, घरात पाहुण्यांची गडबड ऐकू येत होती.

“कण्णा, ती सीडी लाविलीस काय?” मामींनी विचारलं. कण्णा म्हणजे सोन्या.

“काल रात्रीच लाविली अम्मा!” मुलगी म्हणाली. “आजीचा व्हॉइस! आम्ही सगळे रडलों. पण ड्रम्स कोण वाजविलं?”

मामींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता त्या गप्प बसतील. मुलगी रडली, पाहुणे रडले, सहारातल्या बायकांचं त्यात काय गेलं, पाळणा हलेल. खरं सांगायचं तर मी मनोमन तशी प्रार्थना करत होतो. म्हणजे मी सुटलो असतो.

“ती आजी नव्हे,” मामी म्हणाल्या. “ती सीडी काढून ठेव. वाजवूं नको. तासाभरांत मी दुसरी सोय करतें.”

सोय करायला आम्ही तीन तज्ज्ञ हजर होतो. नागपूरकरीण म्हणाली, फाइल करून ईमेलने पाठवू. माझ्या कंप्यूटरचं इंटरनेट मामींच्याच फोनच्या लाइनवरून चाले. वायर लावली, गाणं पाठवायला सुरुवात केली, आणि अर्ध्यावर गेलं की लाइन तुटायची. तीनदा तुटली. फोन आम्ही अडवून ठेवल्यामुळे तिकडून मुलगी लावत होती आणि तिला एंगेज टोन मिळत होता. मामी घड्याळाकडे बघत बसल्या होत्या. शेवटी त्यांनी उठून वायर स्वतः काढली आणि म्हणाल्या, “तीस वर्षं मी लाइन जोडून दिली, तंबी. पुरे.”

मग मी सीडी प्लेअर आणि साहेबांनी माझे दोन्ही स्पीकर खांद्यावर घालून जिन्यावरून खाली आणले. साडेसातला फोन आला. तिकडे पाळण्याभोवती माणसं उभी होती, बाळाची कुरकुर ऐकू येत होती. मी सात नंबर लावला आणि साहेबांनी रिसीव्हर स्पीकरसमोर धरला.

“अम्मा, काही समजत नाही,” मुलगी म्हणाली. “नुसती खरखर येते.”

जवळ नेला, लांब नेला, आवाज कमी केला. खरखरच. मामींनी साहेबांच्या हातातून रिसीव्हर घेतला, साडीचा पदर खोचला आणि मला म्हणाल्या, “तुम्ही ती हळू चालवा. मी म्हणतें.”

आणि त्या गायला लागल्या. आवाज खरोखरच नंबर सांगण्यापुरता होता. सूर कुठल्या कुठे, पण शब्द खणखणीत, एकेक वेगळा. तिकडे सगळी गडबड थांबली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मधे श्वास घ्यायला त्या थांबल्या की पलीकडून पाळण्याच्या कड्यांचा आवाज येई. मग त्यांनी हाताने मला खूण केली. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ वाजवून मी सीडी थांबवली. मामींनी कान पुढे केला, मान हलवली. त्यांना लागत नव्हतं. रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी मला विचारलं, “काय म्हणते ती? तुम्हांला कान आहेत. सांगा मला, मी म्हणतें.”

मी पुन्हा लावली. बाईचा आवाज आणि त्यावर चढत गेलेलं नागस्वरम. मधे मामींच्या मुलीचं नाव तेवढं कळलं. नावाच्या आधी काय, नंतर काय, काही नाही. साहेबांनी स्पीकरला कान चिकटवला. नागपूरकरीण डोळे घट्ट मिटून ओठ हलवत होती, मधेच एखादा शब्द सुचवत होती आणि मामी नाही म्हणत होत्या. मी मागे घेऊन पाच वेळा लावली, सहा वेळा लावली. याच दहा मिनिटांबद्दल मी मघाशी तासभर बोललो होतो. मला एक ओळ सांगता येईना.

“अम्मा?” फोनमधून मुलगी म्हणाली. “आहेस काय? पुढं नावाचं कडवं आहे म्हणालीस. सगळे थांबलेत.”

मामींनी आमच्या तिघांकडे एकदा पाहिलं. रागाने नाही, चौकशीच्या खिडकीतल्या माणसाकडे काही मिळत नाही असं कळलं की जसं बघतात, तसं. मग त्यांनी हात काढला.

“नाही कण्णा. मीच चुकलें. इतकीच आहे लाली, दोन कडव्यांची,” त्या म्हणाल्या. “नांव तूं तिच्या कानांत सांग.”

तिकडे टाळ्या झाल्या. मामींनी रिसीव्हर ठेवला, आणि वरची कॉफी थंड झाली असेल, दुसरी करतें, म्हणून आत गेल्या. आम्ही ती घेतली. नको म्हणायचीही आमची लायकी उरली नव्हती.

मंडळ पुन्हा भरलं नाही. यादी मात्र छापून आली, चेन्नईतल्या मराठी लोकांच्या एका अंकात. सातवा नंबर मी गाळला आणि उरलेल्या नऊंनाच दहा म्हटलं. कुणी मोजलं नाही. पुढे मी ती सीडी चांगल्या हेडफोनवर ऐकली, नागपूरकरणीने कुठल्याशा सॉफ्टवेअरमधून नागस्वरम काढून बघितलं, तर त्याबरोबर आवाजही गेला. मूळ कॅसेटवरही तेच. मी चेन्नई सोडली तेव्हा मामींना म्हणालो, तिसरं कडवं लागलं की कळवतो. त्या म्हणाल्या, “सेरी, तंबी.” म्हणजे बरं.

ते मला अजून लागलेलं नाही, आणि आता मामीही नाहीत. न्यू जर्सीतली त्यांची नात मोठी झाली असेल. तिच्या घरी लाली दोन कडव्यांची आहे, आणि ती पहिल्यापासून तेवढीच होती असं ते समजतात.